तोंड येऊ नये म्हणून : कर्करोगाच्या तीव्र उपचारांत मुखाची निगा

तोंड येणे ही प्रत्येक घराला परिचित असलेली तक्रार आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलांचे जागरण झाले, लग्नसराईत तिखट-तेलकट खाणे वाढले, की जिभेच्या कडेला किंवा ओठाच्या आत एखादा पांढरा फोड उठतो. आजी तूप लावते, कोणी जिरे चघळायला देते, कोणी औषधाच्या दुकानातून जीवनसत्त्वाची गोळी आणून देतो आणि आठवडाभरात सारे विसरलेही जाते. या परिचयामुळेच एक घोटाळा होतो. घरातील कोणाला कर्करोग झाला, मोठे उपचार सुरू व्हायचे ठरले आणि डॉक्टरांनी ‘तोंड येईल, काळजी घ्या’ असे सांगितले, तर ते वाक्य कुटुंबाच्या कानावरून सहज निघून जाते. केस गळणे, उलट्या, अशक्तपणा आणि खर्च यांची चिंता सर्वांना असते. तोंडाची कोणाला नसते.

प्रत्यक्षात तीव्र केमोथेरपी, अस्थिमज्जा प्रत्यारोपण किंवा डोके व मान या भागातील किरणोपचार यांतून गेलेल्या रुग्णांना सर्वांत अधिक कशाचा त्रास झाला असे विचारले, तर अनेकजण तोंडातील व्रणांचेच नाव घेतात. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येते, बोलणे बंद होते, पाण्याचा घोटही नकोसा वाटतो. या व्रणांवर उपाय करण्यापेक्षा ते होऊ न देण्याचे वा सौम्य ठेवण्याचे मार्ग अधिक परिणामकारक आहेत. मात्र त्यांतील बहुतेक मार्ग उपचार सुरू होण्यापूर्वी किंवा पहिल्याच दिवशी अवलंबावे लागतात, म्हणून रुग्णाच्या कुटुंबाने ते आधी जाणून घेणे आवश्यक ठरते.

व्रण होतात कसे?

तोंडाच्या आतील मऊ अस्तराला श्लेष्मल त्वचा म्हणतात. अन्नाचे घर्षण, ऊन-थंड पदार्थ, दातांचा स्पर्श हे सारे सोसत ती अखंड झिजत असते आणि साधारण एक ते दोन आठवड्यांत पूर्ण नवी होत असते. हे नूतनीकरण पेशींच्या जलद विभाजनाने चालते. कर्करोगाच्या पेशीही जलद विभागतात आणि केमोथेरपीची अनेक औषधे नेमकी अशाच पेशींवर घाव घालतात. औषधाला आपपर भाव नसल्यामुळे गाठीबरोबर तोंडाचे अस्तरही पोळते. जुना थर झिजतो, खालून नवा थर वेळेवर येत नाही आणि तेथे उघडा व्रण तयार होतो.

अमेरिकेतील दंतवैद्य स्टीफन सोनिस यांनी या प्रक्रियेचे पाच टप्पे मांडले आहेत. त्यांच्या मांडणीनुसार औषध वा किरण शरीरात शिरताच अस्तराच्या खोल थरांत बिघाड सुरू होतो, दाह निर्माण करणारे संदेश एका पेशीकडून दुसरीकडे वाढत जातात, त्यानंतर काही दिवसांनी व्रण उघडा पडतो आणि शेवटी तो भरून येतो. म्हणजे आरशात तोंड निरोगी दिसत असतानाच आत हानी चालू असते. प्रतिबंधाचे उपाय पहिल्या दिवसापासूनच का करायचे, याचे कारण येथे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने या त्रासाच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिल्या पायरीवर तोंड लाल होते व झोंबते. दुसरीवर व्रण असतात, पण रुग्ण घन आहार घेऊ शकतो. तिसरीवर केवळ पातळ पदार्थ गिळता येतात. चौथीवर तोंडाने काहीही घेता येत नाही आणि पोषण नळीतून वा शिरेतून द्यावे लागते. डॉक्टरांच्या कागदावर ‘ग्रेड तीन’ असे लिहिलेले दिसले, तर त्याचा अर्थ एवढाच की रुग्ण आता पातळ आहारावर आला आहे.

केव्हा, किती काळ, कोणाला?

केमोथेरपीनंतरचे व्रण सामान्यतः पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान दिसू लागतात. याच सुमारास रक्तातील पांढऱ्या पेशीही घटलेल्या असतात. पांढऱ्या पेशी पुन्हा वाढू लागल्या की व्रणही भरू लागतात आणि दोन ते चार आठवड्यांत तोंड पूर्ववत होते.

डोके व मान या भागातील किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस असे सहा ते सात आठवडे चालतात. त्यात दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस लाली व झोंबणे सुरू होते, पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्रास शिगेला पोहोचतो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे राहतो. अशा रुग्णांपैकी जवळजवळ सर्वांनाच कमी-अधिक प्रमाणात हा त्रास होतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वी मोठ्या मात्रेची केमोथेरपी घेणाऱ्यांतही बहुसंख्यांना तो सोसावा लागतो.

भारतात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सुरुवात मुंबईतच झाली. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी हे प्रत्यारोपण केले. आज देशातील अनेक शहरांत ते होते. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात रुग्णाच्याच मूळ पेशी आधी काढून ठेवतात, मेलफॅलन या औषधाची मोठी मात्रा देतात आणि नंतर त्या पेशी परत शरीरात सोडतात. तोंडाच्या व्रणांसाठी हे औषध विशेष कुप्रसिद्ध आहे.

या व्रणांचे परिणाम वेदनेपाशी थांबत नाहीत. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना तोंडातील उघडा व्रण म्हणजे जंतूंना रक्तात शिरण्याची वाट असते. खाणे सुटल्यामुळे वजन उतरते, रुग्णालयातील मुक्काम वाढतो आणि खर्चही वाढतो. सर्वांत गंभीर गोष्ट अशी की वेदना असह्य झाल्यामुळे कधी केमोथेरपीची पुढची मात्रा कमी करावी लागते, तर कधी किरणोपचारात खंड पडतो. खंड पडलेल्या किरणोपचारात गाठीला पुन्हा वाढण्याची सवड मिळते आणि आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते. तोंडाची काळजी हा या अर्थाने मूळ उपचाराचाच भाग आहे.

उपचाराआधी : दंतवैद्यांची भेट

पहिले पाऊल दंतवैद्यांकडे पडले पाहिजे. किडलेला दात, हिरड्यांतील पू, दाताची टोचणारी धार, सैल झालेली कवळी हे सारे उपचाराआधी दुरुस्त करून घ्यावे. एरवी वर्षानुवर्षे गप्प बसलेली दाताची कीड पांढऱ्या पेशी घटल्यावर गंभीर संसर्गाचे रूप घेऊ शकते.

जबड्यावर किरण पडणार असतील, तर काढण्याजोगे दात किरणोपचारापूर्वीच काढून घ्यावेत आणि जखम भरण्यासाठी साधारण दोन आठवड्यांचा अवधी ठेवावा. किरण घेतलेल्या जबड्याचे हाड नीट भरून येत नाही. नंतर दात काढल्यास हाडच कुजण्याचा धोका असतो आणि तो पुढे अनेक वर्षे राहतो. निदान झाल्यावर उपचारांची घाई असते हे खरे, तरीही कर्करोगतज्ज्ञांना विचारून त्याच आठवड्यात दंतवैद्यांची वेळ घेता येते. दंतवैद्यांना आजार, औषधे व उपचाराची तारीख स्पष्ट सांगावी. आजार लपविण्याची वृत्ती अनेक घरांत असते. येथे ती रुग्णाला महाग पडते.

रोजचा नेम

पुढचे पाऊल साधे, बिनखर्चाचे आणि कंटाळवाणे आहे. त्यामुळेच ते सुटते.

सकाळी, रात्री झोपण्यापूर्वी आणि शक्य तर प्रत्येक जेवणानंतर अतिशय मऊ केसांच्या ब्रशने, फ्लोराइड असलेल्या सौम्य पेस्टने दात हलक्या हाताने घासावेत. ब्रश आधी कोमट पाण्यात बुडविल्यास अधिक मऊ होतो. दातवण, खरखरीत मंजन आणि मिश्री पूर्ण बंद ठेवावी. हिरड्यांतून रक्त येत राहिले तर ब्रश बाजूला ठेवून ओल्या जाळीदार कापडाने दात पुसावेत आणि डॉक्टरांना कळवावे.

चूळ भरण्यासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा मिसळावा. येथे खाण्याचा सोडाच हवा; बेकिंग पावडर वा धुण्याचा सोडा चालत नाही. हे पाणी रोज नवे करावे. जागेपणी दर चार तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर या पाण्याने हळूवार चूळ भरून थुंकून टाकावी. त्रास वाढल्यास दर दोन तासांनी. अशा चुळांनी व्रण टळतातच असे संशोधनाने सिद्ध झालेले नाही. मात्र त्यांनी तोंड ओले व स्वच्छ राहते, अन्नकण साचत नाहीत, आम्लता कमी होते आणि अपाय काहीच होत नाही.

ओठ कोरडे पडून भेगा पडू नयेत म्हणून साधे मलम लावावे. किरणोपचार चालू असल्यास कोणते मलम आणि दिवसातून केव्हा लावायचे हे तेथील परिचारिकेला विचारावे. कवळी रात्री काढून ठेवावी आणि व्रण उठल्यास जेवणापुरतीच वापरावी. अल्कोहोल असलेली बाजारी माउथवॉश झोंबतात व तोंड कोरडे करतात, म्हणून बाटलीवरील घटक वाचून ती टाळावीत. क्लोरहेक्सिडीनचे औषधी पाणी अनेकांना दंतवैद्यांनी पूर्वी दिलेले असते. परंतु डोके-मानेच्या किरणोपचारात व्रण टाळण्यासाठी ते वापरू नये, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

बर्फाचा तुकडा

प्रतिबंधाच्या उपायांत सर्वांत स्वस्त आणि काही औषधांबाबत अत्यंत परिणामकारक उपाय म्हणजे बर्फ. औषध शिरेतून चालू असताना तोंडात बर्फाचे तुकडे धरले की थंडीमुळे अस्तरातील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. तेथे रक्त कमी पोहोचते आणि रक्ताबरोबर येणारे औषधही कमी पोहोचते. ज्या औषधांचा रक्तातील प्रभाव थोड्या वेळात ओसरतो, त्यांच्याबाबतीत ही युक्ती साधते.

मेलफॅलन हे असेच औषध आहे. अमेरिकेत ४० रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत औषधाच्या अर्धा तास आधीपासून नंतर सहा तासांपर्यंत काहींना बर्फ, तर काहींना मिठाच्या पाण्याच्या चुळा देण्यात आल्या. मिठाच्या पाण्याच्या गटात ७४ टक्के रुग्णांना तिसऱ्या-चौथ्या पायरीचे व्रण झाले. बर्फाच्या गटात हे प्रमाण १४ टक्के होते. फ्लुरोयुरॅसिल हे औषध शिरेतून एकदम टोचले जाते तेव्हाही अर्धा तास बर्फ धरण्याचा लाभ १९९१ पासून ज्ञात आहे. कर्करोगातील आधार-उपचारांचा अभ्यास करणाऱ्या मॅस्क या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत या दोन्ही प्रसंगी बर्फाची शिफारस केली आहे.

बर्फ सर्व औषधांना लागू पडत नाही. जी औषधे अनेक तास वा दिवस शरीरात चालू राहतात, तेथे त्याचा उपयोग होत नाही. ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधाने थंडीची तीव्र बाधा होते, म्हणून ते घेणाऱ्याला बर्फ देऊ नये. किरणोपचारातील व्रणांवरही हा उपाय नाही. त्यामुळे ‘माझ्या औषधाला बर्फ चालेल का?’ हा प्रश्न उपचाराच्या आदल्या दिवशी विचारून घ्यावा. बर्फ चालत असल्यास तो उकळून गार केलेल्या पाण्याचा, स्वच्छ झाकलेल्या भांड्यात जमविलेला असावा. रस्त्यावरचा वा सरबताच्या गाडीवरचा कधीही नको. तुकडे लहान असावेत, टोकदार नसावेत आणि एक विरघळला की दुसरा तोंडात असावा. दात शिवशिवतात, डोके दुखते, कंटाळा येतो. शेजारी बसून तुकडे पुढे करणारे माणूस असेल तर रुग्ण तो वेळ निभावून नेतो.

प्रकाश आणि औषधे

विशिष्ट तरंगलांबीचा लाल वा त्याच्या पलीकडचा अदृश्य प्रकाश कमी शक्तीने तोंडाच्या अस्तरावर टाकल्यास पेशींची दुरुस्ती वेगाने होते आणि दाह कमी होतो. या उपचारात कापणे, जाळणे काही नसते. प्रत्येक ठिकाणी अल्पकाळ प्रकाश धरला जातो आणि वेदना होत नाही. मणिपालच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयात डोके-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांवर या विषयात महत्त्वाचे संशोधन झाले आहे. प्रत्यारोपणाच्या आणि डोके-मानेच्या किरणोपचाराच्या रुग्णांसाठी मॅस्कने या उपायाचीही शिफारस केली आहे. तो उपचाराच्या आरंभापासून नियमित घ्यावा लागतो आणि त्यासाठी शिकलेला तंत्रज्ञ व योग्य यंत्र लागते. प्रत्येक केंद्रात ही सोय नसते. रुग्णालय निवडताना त्याची चौकशी करता येते.

किरणोपचाराच्या मध्यम मात्रेत बेंझिडामिन या दाहशामक औषधाच्या चुळांची शिफारस आहे. ते औषधाच्या दुकानात मिळते, पण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावे. पॅलिफर्मिन हे अस्तराच्या पेशींची वाढ करणारे इंजेक्शन अमेरिकेत २००४ च्या अखेरीस मान्य झाले. रक्ताच्या कर्करोगात मोठी केमोथेरपी व सर्वांगाला किरण घेणाऱ्या २१२ रुग्णांच्या चाचणीत तीव्र व्रणांचे प्रमाण ९८ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आले. त्याचा उपयोग मात्र अशा निवडक रुग्णांपुरताच आहे.

नातेवाईक भेटायला येतात आणि आपापले उपाय सांगून जातात. हळदीच्या गुळण्यांवर आपल्या देशात लहान प्रमाणात अभ्यास झाले असले, तरी शिफारस करण्याइतका पुरावा अद्याप जमलेला नाही. ग्लुटामिनची पूड तोंडाने घेण्याचा सल्ला काही किरणोपचारांत दिला जातो. परंतु प्रत्यारोपणाच्या रुग्णाला ते शिरेतून देऊ नये असा स्पष्ट इशारा आहे. एका रुग्णाला लाभलेले औषध दुसऱ्याला घातक ठरू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय. कोणतेही चूर्ण, काढा वा पूड डॉक्टरांना दाखविल्याशिवाय सुरू करू नये.

नेम, व्रत आणि उपचार

जैन कुटुंबांत या उपायांपैकी काहींशी आचाराचा प्रश्न निगडित आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. अनेक घरांत तो रुग्णाच्या मनात खोल असतो, पण डॉक्टरांसमोर उच्चारला जात नाही. मग रुग्ण बर्फाचा तुकडा हळूच भांड्यात सोडून देतो किंवा रात्रीची चूळ टाळतो आणि उपाय निष्फळ ठरला असे सर्वांना वाटते.

मधाचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. डोके-मानेच्या किरणोपचारात मधाचा काही लाभ दिसल्याने मॅस्कने त्याचा सौम्य शब्दांत उल्लेख केला आहे. मध ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी तो घेतला नाही म्हणून मोठे काही हुकत नाही. त्याच रुग्णांसाठी प्रकाशोपचार व बेंझिडामिन हे अधिक भक्कम पुराव्याचे पर्याय आहेत. पांढऱ्या पेशी घटलेल्या काळात काही रुग्णालये कच्चा मध स्वतःहून वर्ज्य ठरवितात.

बर्फाचे तसे नाही. बावीस अभक्ष्यांत हिमाची गणना असल्याने अनेक श्रावक-श्राविका आयुष्यभर बर्फ तोंडात घालत नाहीत. आणि मेलफॅलनच्या वेळी बर्फाच्या तोडीचा दुसरा साधा उपाय हाताशी नसतो. स्वीडनमध्ये थंड पाणी बंद नळ्यांतून खेळवून तोंड आतून गार ठेवणारे साधन तयार झाले व तपासले गेले. त्यात बर्फ तोंडात विरघळत नाही. ते सर्वत्र मिळत नाही, तरी केंद्रात अशी सोय आहे का हे विचारता येते. ती नसेल तर निर्णय रुग्णाचा आहे. तो घेताना दोन गोष्टी समोर असाव्यात. येथे बर्फ आस्वादासाठी नसून काही तासांपुरते औषध म्हणून आहे, आणि तो आयुष्यात बहुधा एकदाच लागणार आहे. पच्चक्खाणाच्या परंपरेत आगारांची, म्हणजे सवलतींची, योजना आहे. व्याधीने समाधी ढळू नये म्हणून औषध घेण्याची मोकळीक त्यांत येते. रुग्णालयात दाखल होण्याआधी गुरुमहाराजांपुढे ही गोष्ट मांडली, तर रुग्ण मनात सल न ठेवता उपचार घेऊ शकतो.

रात्रीच्या चुळांबाबतही हेच. चौविहार करणाऱ्याला सूर्यास्तानंतर तोंडात पाणी घेणे जड जाते. तीव्र उपचारांच्या काही आठवड्यांत रात्री पाणी व औषध घेणे अटळ असते, तेव्हा तिविहार वा दुविहाराचा विचार आधीच करून ठेवावा. उपवास, आयंबिल, अठ्ठाई यांसारखी तपे या काळात करू नयेत. झिजलेले अस्तर नव्याने विणण्यासाठी प्रथिने व उष्मांक लागतात; अन्नत्यागाने व्रण भरण्यास विलंब होतो. सामायिक, जप, स्वाध्याय हे अंथरुणावरूनही घडू शकते.

दीर्घकाळ उकळलेले पाणी पिण्याची घरातली रीत येथे रुग्णाला लाभदायक ठरते. तसेच रोजचे ताजे, त्याच दिवशी संपणारे अन्न हीदेखील पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णासाठी योग्य अशी शिस्त आहे. कंदमूळ न घेताही मऊ व पौष्टिक आहार पुरेसा मिळतो. मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, दुधीची मऊ भाजी, तुपाचा रव्याचा शिरा, नाचणीची पेज, साबण्याइतके मऊ पनीर, घट्ट वरण, दुधातली खीर हे पदार्थ कोमट करून द्यावेत. मिरची, लिंबू, चिंच, टोमॅटो, आंबट फळांचे रस, खाकरा, पापड, फरसाण, कडक भाकरी आणि वाफाळता चहा टाळावा. दही, ताक, कच्ची फळे यांबाबत प्रत्येक केंद्राचे नियम वेगळे असतात. तेथील आहारतज्ज्ञांना विचारावे आणि आपण काय खात नाही हेही त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. थोडे थोडे सहा-सात वेळा खाणे तीन मोठ्या जेवणांपेक्षा सोपे पडते.

व्रण आलेच तर

सर्व काळजी घेऊनही काहींना व्रण होतात. तो रुग्णाचा वा कुटुंबाचा दोष नव्हे. चुळा चालू ठेवाव्यात आणि वेदना डॉक्टरांना मोकळेपणाने सांगाव्यात. बधिर करणारी औषधी जेल जेवणाआधी लावता येते. वेदना फार असल्यास मॉर्फिन दिले जाते. किरणोपचाराच्या रुग्णांत त्याच्या चुळाही वापरतात. मॉर्फिनचे नाव ऐकताच घर बिचकते आणि व्यसन लागेल या भीतीने औषध नाकारले जाते. वैद्यकीय देखरेखीखाली, ठरलेल्या काळापुरते घेतलेले मॉर्फिन व्रण भरल्यावर क्रमाने कमी करून बंद केले जाते. त्याने रुग्ण गिळू शकला, झोपू शकला, तर उपचार पूर्ण होतो.

तोंडात दह्यासारखा पांढरा थर दिसला तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि त्यावर वेगळे औषध असते. ओठांवर वा टाळूवर पुंजक्याने उठलेले फोड विषाणूंचे असू शकतात. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, थंडी वाजणे, न थांबणारा रक्तस्राव, किंवा दिवसभर पाणीही न जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ताप न मोजता पॅरासिटामॉल देऊ नये. ताप उतरलेला दिसतो आणि आतला संसर्ग वाढत राहतो.

किरणोपचार चालू असताना त्रास वाढला म्हणून किंवा घरात लग्न आहे, दिवाळीचे वहीपूजन आहे म्हणून स्वतःच्या मनाने दिवस चुकवू नये. ज्या दिवशी जाणे खरोखर अशक्य असेल, त्या दिवशी फोन करून भरपाईचा दिवस ठरवून घ्यावा.

घराचा वाटा

दुकान वा पेढी सांभाळणाऱ्या कुटुंबात रुग्णाजवळ पाळीपाळीने माणसे बसतात. आज मुलगा, उद्या सून, परवा पुतण्या. प्रत्येकजण प्रेमाने करतो, पण कालची चूळ किती वेळा झाली हे आजच्याला ठाऊक नसते. त्यासाठी एक साधी वही ठेवावी. रोजमेळ लिहिण्याची सवय असलेल्या घराला हे अवघड नाही. तारीख, ब्रश किती वेळा, चुळा किती, काय व किती खाल्ले, वजन, ताप, वेदना शून्य ते दहा यांपैकी किती, आणि सकाळी विजेरीच्या उजेडात पाहिलेल्या तोंडाचे दोन शब्दांत वर्णन. डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी ही वही पुढे केली की दोन मिनिटांत खरे चित्र स्पष्ट होते.

घरात आणखी एक हिशेब तपासायला हवा. तोंडाच्या कर्करोगाची मोठी कारणे तंबाखू आणि सुपारी ही आहेत. तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदविले आहे. जेवणानंतरच्या मुखवासात, गिऱ्हाइकापुढे सरकविल्या जाणाऱ्या तबकात सुपारी सहज असते. उपचार घेणाऱ्याने ती त्याच दिवशी सोडावी. ती व्रणांवर चोळली जाते आणि पुढे दुसऱ्या गाठीचा धोका वाढविते. रुग्णाला एकट्याला सोडायला लावण्यापेक्षा घरातले व दुकानातले तबकच उचलले, तर त्याला ते सोपे जाते.

उपचार संपल्यावर केमोथेरपीच्या रुग्णाचे तोंड बहुधा पूर्ववत होते. किरणोपचार घेतलेल्यांत मात्र लाळ कमी राहते, त्यामुळे दात लवकर किडतात आणि जबडा आखडू शकतो. त्यांनी दर काही महिन्यांनी दंतवैद्यांकडे जावे, फ्लोराइडचा उपचार विचारावा आणि तोंड उघडण्याचे व्यायाम चालू ठेवावेत. दात काढण्याची वेळ आली तर किरण घेतल्याचे दंतवैद्यांना आधी सांगावे. उपचारांची कागदपत्रे आणि तोंडाची ती वही यासाठी जपून ठेवावी. पाच वर्षांनीही तिचा उपयोग होतो.